धाकटीची नोटीस

नोटीस आली तेव्हा ती मलाच वाचावी लागली. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशनची त्यांना भीती वाटायची, पण भीती वाटते असं म्हणायचं नाही म्हणून 'पिकू दे, पिकल्यावर काढू' करत त्यांनी दोन वर्षं काढली होती. पोस्टमननं सही घेतली, रजिस्टरचा लिफाफा माझ्या हातात दिला आणि बाबांकडे न बघताच सायकलवर टांग मारली. वकिलाचा लिफाफा त्याला लांबूनच ओळखू आला असणार.

"वाच," बाबा म्हणाले. "मोठ्यानं वाच."

मी प्राथमिक शाळेतली मास्तरीण, मोठ्यानं वाचणं हाच माझा धंदा. ओसरीवर उभी राहून वाचायला लागले. कागद हिंदीत टाइप केलेला, कारण आमचा भाग मध्य प्रदेशातला, घरात मराठी आणि कोर्टात हिंदी. सौंसरच्या एका वकिलानं तो बाबांना पाठवला होता, त्यांच्या धाकट्या मुलीच्या वतीनं. म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीच्या. 'मेरी मुवक्किला बालिग है' अशी सुरुवात, म्हणजे माझी अशील सज्ञान आहे. ती तहसील कचेरीत नोकरीला आहे, तिचा पगार ही तिची स्वतःची कमाई आहे. तो उचलायचं जे अधिकारपत्र तिनं वडिलांना दिलं होतं, ते तिनं आता रद्द केलं आहे. तिच्या मार्कशीटा, तिचं पासबुक आणि आईनं तिच्या नावानं ठेवलेल्या पाटल्या पंधरा दिवसांत परत कराव्यात. तिच्या कचेरीत येऊन तमाशा करू नये, तिला धमकावू नये. नाहीतर दावा लावला जाईल आणि खर्चही वडिलांवर पडेल.

माझा आवाज कापत होता. बाबांना वाटलं, रागानं. रागबिग काही नव्हता हो. मी जळत होते. त्या एवढ्याशा कागदावर जळत होते. कुठल्यातरी काळ्या कोटातल्या माणसानं टाइपरायटरवर बसून माझ्या बहिणीला 'मेरी' म्हटलं होतं. मला तीस वर्षं पूर्ण झाली होती आणि आपली म्हणून माझ्यासाठी कोणी चार ओळी लिहिल्या नव्हत्या. बालिग तर मी तिच्याही पाच वर्षं आधी झाले होते, पण मला कोणी कळवलंच नव्हतं.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट आहे, चार-पाच वर्षांनी कधीतरी. आई गेली तेव्हा मी चौदाची आणि धाकटी नऊची. बाबा पांढुर्णा स्टेशनच्या मालगोदामात बाबू होते. कापसाच्या गाठी आणि संत्र्याच्या पेट्या लिहून घ्यायचे. दुसरं लग्न केलं नाही म्हणून गावात त्यांचा मान मोठा. दोन पोरी एकट्यानं वाढवल्या, असं लोक त्यांच्यासमोर म्हणत आणि ते डोळे मिटून मान हलवत. पोरींच्या तोंडात घास कोण घालत होतं, धाकटीची वेणी कोण घालत होतं, ते कोणी विचारत नव्हतं. चौदाव्या वर्षी पोळ्या लाटून माझ्या मनगटाला गाठ आली, ती अजून आहे.

धाकटी दिसायला उजवी. मी हे अगदी सरळ सांगते, कारण लपवून काही उपयोग नाही. तिचा रंग आईचा, केस आईचे, हसणंही आईचं. बाबा संत्रं सोलायचे तर फोडीवरचा पांढरा धागा न् धागा काढून तिच्या हातावर ठेवायचे. मला अख्खं संत्रं मिळायचं, सालीसकट. "तुले येते सोलता," म्हणायचे. येत होतं ना! मला सगळंच येत होतं, हाच माझा गुन्हा.

आमच्या भागात पोराला नोकरी लागली की पहिला पगार बापाच्या हातात ठेवून पाया पडतात. चांगली रीत आहे, मी नावं ठेवत नाही. पण आमच्या घरी सगळेच पगार पहिले होते. मला नोकरी लागली त्या दिवशी बाबांनी देवापुढे पेढे ठेवले, त्याच्या बाजूला एक कागद ठेवला आणि म्हणाले, सही कर. पगार उचलायचं अधिकारपत्र होतं ते. देवापुढचा कागद म्हणून मी तो वाचलासुद्धा नाही, आधी त्याला हळदकुंकू लावलं आणि मग सही केली. पाच वर्षांनी धाकटीनंही तेच केलं, तिच्या कागदालाही हळदकुंकू मीच लावलं. महिन्याच्या एक तारखेला बाबा आधी माझ्या शाळेच्या फाटकापाशी कडुनिंबाखाली उभे राहायचे, मग सौंसरची बस पकडून तिच्या कचेरीत जायचे. बसभाड्याला आम्ही रोज सकाळी हात पसरायचो. पैसे तुमच्या लग्नासाठी ठेवून राहिलो, असं ते सांगायचे. मार्कशीटा, पासबुकं, आईचे दागिने, सगळं लोखंडी पेटीत आणि पेटीची किल्ली त्यांच्या जानव्याला.

आणि एक ताट होतं. हे ताटाचं नीट सांगायला हवं. बाबांना कोणाचं काही पटलं नाही की ते ओरडायचे नाहीत, हात तर कधीच उचलला नाही. जेवायला बसायचे, समोरचं रिकामं पितळी ताट उचलायचे आणि पालथं घालायचे. बस्स. ते पालथं असेपर्यंत घरात कोणी जेवायचं नाही, हा नियम. कोणी घातला माहीत नाही, पण आम्ही दोघी तो पाळत होतो. धाकटीला कॉलेजच्या सहलीला पचमढीला जायचं होतं, ताट पालथं. तिला छिंदवाड्याचं स्थळ आलं आणि ती मनातून हो म्हणाली, ताट पालथं. दीड-दोन दिवस झाले की ती रडत यायची, "बाबा, नाही जात मी, जेवा ना," म्हणत ताट सुलटं करायची, आणि बाबा तिच्या डोक्यावर हात ठेवून डोळे पुसायचे. तिचे नाही, स्वतःचे.

मी ते चुलीपाशी बसून बघायचे. पोटात भूक असायची पण त्याहून जास्त काहीतरी कुरतडत असायचं. वरूडचं एक स्थळ मलाही आलं होतं, मी चोवीसची असताना. बाबा "नको" म्हणाले, मी "बरं" म्हणाले. संपलं! त्या दिवशी ते पोटभर जेवले, वर दही मागून घेतलं. माझ्यासाठी त्या माणसानं कधी एक वेळचं जेवण सोडलं नाही. ते ताट मला प्रेमाचं माप वाटायचं आणि सगळं माप तिच्याच पदरात पडायचं. आता हसू येतं, तेव्हा उशी भिजायची.

धाकटीचं डोकं फिरलं ते कचेरीतल्या कामामुळं. तिच्याकडे जमिनीच्या नोंदी उतरवून द्यायचं काम होतं. एक दिवस उतारा लिहिता लिहिता आमच्या चुलत भावाचं नाव आलं. सौंसरजवळ संत्र्याचा बगीचा, नुकताच घेतलेला, आणि त्या भावाला तर धड नोकरी नव्हती. तिनं त्याला गाठून विचारलं. तो बिचारा लपवाछपवी न करता म्हणाला, "काकाजींनीच घेऊन दिला. म्हातारपणी अग्नी द्यायले कोणी तर पाहिजे ना त्यायले." आमच्या दोघींच्या लग्नाचा पैसा तिथं झाडांना लागला होता.

तिनं घरी येऊन मला सांगितलं. मी भांडी घासत होते. मी म्हणाले, "मग काय करतेस? बाप हाये तो."

"बाप हाये म्हणून काय झालं? मी वकिलाले विचारून राहिली," ती म्हणाली. "तू चालते का माह्यासंग?"

नाही गेले. ती एकटी गेली. आठ दिवसांनी दोन लुगडी आणि एक पिशवी घेऊन ती रामाकोन्याला एका नर्सबाईकडे राहायला गेली, तिथूनच सौंसरला कामाला जायला लागली, आणि मग ती नोटीस आली.

नोटीस वाचून झाल्यावर बाबांनी ताट पालथं घातलं. पण ते सुलटं करायला जी यायची, ती तर रामाकोन्याला. एक दिवस गेला, दुसरा गेला. मी शाळेत फळ्यावर लिहिताना भोवळ येऊन खाली बसले. संध्याकाळी मी बाबांसमोर जाऊन म्हणाले, "जेवा बाबा, मी हाये ना." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तू त हायेसच," म्हणाले. तिसऱ्या दिवशी स्वतःच ताट सुलटं करून जेवले. एवढा अपमान माझा कुणी केला नव्हता.

पंधरा दिवस उलटले. धाकटीनं सौंसरच्या कोर्टात दावा लावला आणि निकाल लागेपर्यंत बाबांना मनाई हुकूम मिळावा, असा अर्ज दिला. बाबांनी तिथल्याच एका अर्ज लिहिणाऱ्याकडून सल्ला घेतला. तो बहाद्दर म्हणाला, पोरीचं डोकं ठिकाणावर नाही असं दाखवा. मग तिचा पैसा सांभाळणं हा बापाचा हक्कच होतो, कागदपत्रंही बापाकडेच राहतात. फक्त घरातलं कोणीतरी शपथेवर सांगायला पाहिजे. घरातलं म्हणजे कोण, मीच की!

आता मी जे सांगणार ते सांगायला मला तेव्हापासून आतापर्यंतची वर्षं लागली. बाबा त्या सकाळी मला म्हणाले, "चाल बेटा, सौंसरले जाऊन येऊ." बेटा! मला! शाळेत रजेचा अर्ज टाकून मी आईची जांभळी साडी नेसले. बसमध्ये बाबांनी मला खिडकीपाशी बसवलं. थंडीचे दिवस होते, दोन्ही बाजूला बगीचे लगडलेले, वेचणीला आलेला कापूस. बाबांनी पिशवीतून संत्रं काढलं. नीट दिसत नव्हतं तरी बोटांनी चाचपून त्यांनी सोललं, एकेक धागा काढला आणि फोड माझ्या हातावर ठेवली. अशा सगळ्या फोडी. ते संत्रं कोणत्या बगीच्यातलं होतं ते मला माहीत होतं. तरी मी खाल्लं. बिया खिडकीबाहेर टाकल्या आणि मला इतका आनंद झाला होता की बस छिंदवाड्यापर्यंत जावी, थांबूच नये असं वाटलं.

सौंसरला अर्ज लिहिणाऱ्यानं कागद तयार ठेवला होता. माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणापासून झटके येतात, तिला भलतेसलते भास होतात, ती कोणाच्याही सांगण्याला भुलते, असं मी शपथेवर सांगते. या वेळी मी कागद वाचला बरं का. नीट, अर्धविरामासकट वाचला. तिला आयुष्यात एक झटका आलेला नाही हे मला माहीत होतं. आणि हे कोर्टानं खरं मानलं तर तिची नोकरी जाईल, ती पुन्हा घरी येईल, पेटीच्या किल्लीखाली कायमची, तेही माहीत होतं. पण ती तिकडे रामाकोन्याला आपल्या पगाराच्या चपला घेऊन फिरत असेल, असं डोळ्यांसमोर आलं. तिला सगळंच कसं मिळतं? बाप रडतो तिच्यासाठी आणि सुटतेही तीच? मी सही केली. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. एका संत्र्यात आणि एका हातात मी बहीण विकली.

माझा अंदाज होता की कागद दिला, काम झालं. पण धाकटीच्या वकिलानं अर्ज दिला की ह्या बाईला समोर बोलवा, मला चार प्रश्न विचारायचे आहेत. होळीच्या आगेमागे तारीख पडली.

कोर्ट म्हणजे कौलारू इमारत, व्हरांड्यात टाइपवाले, आत एक पंखा जो फिरत नव्हता. धाकटी पलीकडच्या बाकावर बसली होती. वाळली होती, पण वेणी तशीच. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी पंख्याकडे. तिचा वकील म्हातारा, कोटाची बाही विरलेली, आवाज मात्र अगदी मऊ. मला वाटलं होतं झटक्यांबद्दल विचारेल. सगळी तयारी करून आले होते मी, पहिला झटका कधी आला, तोंडाला फेस आला का, कांदा हुंगवला का.

त्यानं विचारलं, "बहनजी, आप क्या करती हैं?"

शिक्षिका आहे म्हणाले. किती वर्षं झाली? अकरा. मुलांना गणित शिकवता? शिकवते. कधी डोकं फिरल्याची, झटके आल्याची तक्रार? माझी? छे!

"तो आपकी तनख्वाह कौन लेता है?"

मी म्हणाले, "बाबा." आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं. वकील थांबला होता. न्यायाधीशसाहेबांनी पेन खाली ठेवलं. वकील मग हिंदीतच, अगदी घरच्यासारखं म्हणाला की धाकटीचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून वडील तिचा पगार ठेवतात, हे समजलं. पण तुमचं डोकं तर शाबूत आहे. मग तुमचा कशासाठी ठेवतात?

तीस वर्षांची बाई, वर्गात चाळीस पोरांना गप्प बसवणारी, पिंजऱ्यात तोंड उघडं टाकून उभी. आणि तेवढ्यात मागून बाबा उठले. दावा हातचा चालला हे त्यांना त्या मोतीबिंदूतूनही दिसलं असणार. हात जोडून म्हणाले, "साहेब, हे बी तशीच हाये. थोरली बी आधीपासून अर्धवटच हाये. मास्तरकीपुरती चालते, बाकी काही समजत नाही तिले. म्हणून मीच पाहून राहिलो दोघींचं."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं.

मला ते हसणं अजून ऐकू येतं. खरं बोलायचं म्हणून मी बोलले, असं नाही. बहिणीची माया दाटून आली असंही नाही, उगाच खोटं कशाला? धाकटीला वेडी ठरवायची होती तर त्यासाठी त्यांना सगळं घडवून आणावं लागलं, कागद, बस, संत्रं. मला मात्र त्यांनी उभ्याउभ्या, एका श्वासात देऊन टाकलं. तिथंही मी फुकटच गेले. अंगाची अशी आग झाली की पिंजऱ्याचा कठडा मी दोन्ही हातांनी धरला.

"साहेब," मी म्हणाले, "माझी बहीण शहाणी आहे. तिला कधी झटका आला नाही. कागद खोटा आहे, सही माझी आहे."

साहेबांनी मला चांगलंच झापलं. खोटं शपथपत्र दिलं म्हणून खटला होऊ शकतो, मास्तरीण असून शरम वाटत नाही का? वकिलानंच मध्ये पडून हात जोडले म्हणून वाचले. मनाई हुकूम त्याच दिवशी झाला. बाबांनी तिच्या कचेरीत पाय ठेवायचा नाही, पगाराला हात लावायचा नाही, मार्कशीटा आणि पासबुक आठ दिवसांत कोर्टात जमा करायचं. पाटल्यांचं नंतर बघू म्हणाले.

बाबा तरातरा बसस्टँडकडे निघून गेले. मी व्हरांड्यात बसले. धाकटी आली, माझ्याशेजारी बसली, पण अंतर ठेवून.

"ताई, मले झटके येत नाही, हे तुले माहीत होतं ना?"

"होतं."

"मंग काहून केलं?"

"जळत होती मी तुह्यावर," मी म्हणाले. "बाबा तुह्यासाठी दोन-दोन दिवस उपाशी राहात. माह्यासाठी कधी एक घास सोडला नाही त्यायनं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसली, पण ते हसणं आईचं नव्हतं. "अवो ताई, ते काय मायेनं पालथं घालत होते का ताट? मी काही मागितलं की घालत होते. तुह्यासाठी कायले घालतीन? तू त मागतच नव्हती. न मागता देऊन मोकळी होत होती."

तिच्या बसची वेळ झाली, ती उठली, दोन पावलं जाऊन परत आली आणि तिच्या पिशवीतली पाण्याची बाटली माझ्याजवळ ठेवून गेली. माफ केलं की नाही ते बोलली नाही. अजूनही बोललेली नाही, आणि मी विचारलेलं नाही.

म्हातारा वकील कागद आवरत होता. मी त्याच्याकडे जाऊन विचारलं, हिनं केलं ते कोणालाही करता येतं का? तो म्हणाला, बालिग मुलीची कमाई तिचीच. बाप मागू शकतो, हिसकावू शकत नाही. तुमचं अधिकारपत्र एका ओळीच्या अर्जानं रद्द होतं, हेडमास्तरांना द्यायचा आणि पोच घ्यायची. मार्कशीटा तुमच्या, त्या अडवून ठेवता येत नाहीत. धमकावलं तर ठाण्यात लिहून द्यायचं. लग्न करायचं असेल तर कोणाची परवानगी लागत नाही. मी म्हणाले, आणि बाप उपाशी राहिला तर? त्यानं चष्मा काढला. खरंच खायला नसेल तर बापालाही कोर्टात येऊन मुलीकडे पोटगी मागता येते, म्हणाला, कायदा त्याचाही आहे. पण पेन्शनवाल्या बापानं भरल्या घरात ताट लोटलं तर त्याला कायद्यात औषध नाही बाई, ते तुमचं तुम्ही बघा.

हे सगळं इतकं सोपं होतं! अकरा वर्षं! मला त्या क्षणी धाकटीचा पुन्हा हेवा वाटला, की तिला हे माझ्याआधी विचारावंसं वाटलं.

त्यानंतर महिनाभर मी काही केलं नाही. एक तारखेला बाबा कडुनिंबाखाली उभे होते आणि मी सही करून पाकीट त्यांच्या हातात दिलं. मीच दिलं, हो. आता त्यांना माझ्याशिवाय कोणी नव्हतं ना! ते माझे एकटीचे झाले होते. मी दही लावायचे, पेपर वाचून दाखवायचे, आणि वाट बघायचे. एका दुपारी जेवता जेवता त्यांचा हात थांबला. मला वाटलं, भाजीत मीठ कमी झालं. ते म्हणाले, "तिथं रामाकोन्याले धाकटीले वरण बरोबर भेटत असन का? तिले पातळ नाही आवडत."

मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सौंसरची बस धरली. बाबांना सांगितलं, शाळेची मीटिंग आहे. म्हाताऱ्या वकिलाला म्हणाले, तीच नोटीस पाहिजे, नाव तेवढं बदला.

आठवड्यानं, उन्हाळ्याची सकाळची शाळा सुटून मी घरी आले होते, तेव्हा तोच पोस्टमन आला. बाबा ओसरीवर पेन्शनचे कागद चाचपत बसले होते. मी सही केली. पोस्टमन या वेळी माझ्याकडे बघून थांबला, मग गेला.

"कोणाचं हाये?" बाबांनी विचारलं.

"वकिलाचं. सौंसरहून."

"पुन्हा धाकटीचंच का?" ते म्हणाले. चेहरा कसा उजळला त्यांचा! नोटीस का असेना, तिच्याकडून आली, असा. "वाच, वाच. मोठ्यानं वाच."

मी उभी राहिले. "मेरी मुवक्किला बालिग है," मी वाचलं. "वह आपकी बड़ी पुत्री है."

बाबांनी मान वर केली. "बड़ी?"

"बड़ी," मी म्हणाले. "धाकटीचं नाही बाबा. माझं हाये." आणि सगळी नोटीस खालच्या तारखेपर्यंत वाचून दाखवली, कुठेही न अडखळता.

मी आत जाऊन वरण तापवलं, भात उतरवला, नेहमीसारखी दोन पितळी ताटं मांडली. बाबा आले, पाटावर बसले, चाचपून आपलं ताट उचललं आणि पालथं घातलं.

माझ्यासाठी. आयुष्यात पहिल्यांदा. ज्याच्यापायी मी बहिणीवर इतकी वर्षं जळले ते शेवटी माझ्या पुढ्यात आलं, आणि मला वाटलं, आता मी त्यांच्या पाया पडणार, ताट सुलटं करणार, नोटीस फाडणार. मी त्यांच्याकडे बघत बसले. ते वाट बघत होते. त्यांना सवय होती, कोणीतरी रडत येतंच.

मी माझं ताट पुढे ओढलं, त्यात भात वाढला, वर वरण घातलं, आणि त्यांच्यासमोर बसून जेवले.